ग्रामकार्य आणि ऊर्जाशिक्षण : सिंदेवाहीच्या निमित्ताने

स्वच्छ ऊर्जेचा प्रश्न मुख्यतः यंत्राचा आहे, अशी समजूत आपल्या अभ्यासक्रमांनी दृढ केली आहे. ती कितपत ग्राह्य आहे, याचा सिंदेवाही तालुक्याच्या संदर्भात येथे थोडक्यात विचार कर्तव्य आहे.

सिंदेवाही हा चंद्रपूर जिल्ह्यातील धानाचा आणि जंगलाचा प्रदेश. जिल्ह्यात २,९२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीजकेंद्र आहे. तथापि वनालगतच्या कित्येक घरांत चूल पेटते ती सरपणावरच. हे सरपण ज्या रानातून आणावयाचे, तेथेच वाघाचाही संचार असतो. सबब इंधनाचा प्रश्न येथे जीविताचा प्रश्न होतो. २०१५ च्या जन-वन विकास योजनेत अशा गावांना गॅसजोडणी देण्याची तरतूद झाली. परंतु पुढील सिलिंडर ज्या घरास परवडत नाही, ते पुन्हा रानाकडे वळते.

पर्याय म्हणून विद्यार्थ्यास प्रथम धानाचे तूस सुचेल. पाच टन धानापासून सुमारे एक टन तूस मिळते, आणि ते जळाल्यावर त्याच्या एकपंचमांश इतकी सिलिकायुक्त राख उरते. हे गणित प्रयोगशाळेत सुटते. परंतु सुट्या तुसातून हवा नीट खेळत नाही. म्हणून अशा शेगडीकडे सतत लक्ष द्यावे लागते. रोवणीच्या दिवसांत शेतावरून परतलेल्या स्त्रीस तेवढी सवड असते काय? गिरणीतील तुसावर हक्क कोणाचा? ही उत्तरे चुलीपाशी बसल्यावाचून मिळत नाहीत.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २०१४ मध्ये आरंभिलेल्या सौरदिव्यांच्या उपक्रमात जुळणी व दुरुस्ती स्थानिक लोकांकडे सोपविण्यात आली. पुढे राजस्थानातील डुंगरपूर येथे आदिवासी स्त्रियांच्या मालकीची सौर पॅनेल बनविणारी कंपनी उभी राहिली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा येथे तर अभ्यासगटांत गावकरी व बाहेरचे अभ्यासक एकत्र बसून शिकतात आणि ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ऊर्जेच्या कामात स्त्रियांना व आदिवासी तरुणांना स्थान देणे हा उपकार नव्हे. प्रश्नाचे अर्धे ज्ञान त्यांच्यापाशीच आहे. तेव्हा विद्यार्थ्याच्या ग्रामकार्याचे मूल्यमापन केवळ त्याच्या अहवालावरून होऊ नये. तो गाव सोडून गेल्यावर एक पावसाळा लोटू द्यावा, आणि त्याने बसविलेले साधन चालू आहे किंवा नाही, बिघडल्यास गावातील कोणी ते दुरुस्त करू शकते किंवा नाही, हे पाहावे. खरी परीक्षा तीच होय.