बत्तीस शिराळ्याची नागपंचमी : परंपरा, परवाना आणि ‘शिक्षण’ या शब्दाचा अर्थ

प्रस्तावना

सांगली जिल्ह्याच्या पश्चिम भागात मोरणा नदीच्या काठी वसलेले शिराळा हे तालुक्याचे गाव आहे. पूर्वी बत्तीस गावांचे मुख्य ठाणे असल्याने ते ‘बत्तीस शिराळा’ या नावाने ओळखले जाऊ लागले, असे सांगितले जाते. समर्थ रामदासांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी एक मारुती येथे आहे आणि गोरक्षनाथांचे स्थानही येथेच आहे. तथापि महाराष्ट्राबाहेर या गावाचे नाव पोहोचले ते श्रावण शुद्ध पंचमीस होणाऱ्या जिवंत नागाच्या पूजेमुळे. ही पूजा न्यायालयाच्या आदेशाने थांबली, निवडणुकीच्या व्यासपीठावरून तिच्या पुनरारंभाचे आश्वासन दिले गेले आणि जुलै २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण, वने व हवामान बदल मंत्रालयाने २१ नाग पकडण्यास परवानगी दिली. परवानगीत ‘धर्म’ किंवा ‘परंपरा’ हे कारण पुरेसे मानलेले नाही. स्थानिक तरुणांना सापांविषयीचे पारंपरिक ज्ञान मिळावे व संवर्धनाची जाणीव वाढावी, असा शैक्षणिक हेतू तीत नमूद आहे. एका ग्रामोत्सवाला ‘शिक्षण’ हे नाव का घ्यावे लागले आणि ते नाव घेतल्यानंतर कोणते दायित्व उत्पन्न होते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

मातीचा नाग आणि जिवंत नाग

शिराळ्यात सांगितली जाणारी कथा अशी. गोरक्षनाथ भिक्षेसाठी एका घराच्या दारी आले असता त्या घरची स्त्री मातीच्या नागाची पूजा करीत होती. भिक्षा वाढण्यास विलंब का झाला, अशी पृच्छा नाथांनी केली. कारण कळल्यावर, जिवंत नाग समोर आला तर त्याची पूजा करशील काय, असे त्यांनी विचारले. तिने होकार दिला आणि तेथपासून गावात जिवंत नागाच्या पूजेची चाल पडली. कथेची ऐतिहासिकता सिद्ध करण्याचे साधन नाही. परंतु तिच्यातील प्रश्न लक्षात घेण्याजोगा आहे. प्रतिमेपुढे हात जोडणारा माणूस प्रत्यक्ष प्राण्यापुढे कसा वागतो, हा तो प्रश्न होय. मंगळवेढ्याशी संबंध असलेल्या महात्मा बसवेश्वरांनीही बाराव्या शतकात हाच विसंवाद आपल्या वचनातून दाखविला होता. म्हणजे ज्या कथेचा आधार आज श्रद्धेच्या बाजूने घेतला जातो, ती मुळात श्रद्धेची परीक्षा घेणारी कथा आहे.

प्रत्यक्ष चाल अशी होती. सणापूर्वी काही दिवस गावातील माणसे काठ्या घेऊन रानात, बांधावर, वारुळांच्या आसपास हिंडत. पकडलेला नाग मडक्यात ठेवून मडक्याचे तोंड फडक्याने बांधले जाई. पंचमीच्या दिवशी घरोघरी पूजा होई, अंबामातेच्या दर्शनास नाग नेले जात, मिरवणूक निघे आणि नंतर ते पुन्हा रानात सोडले जात. दात पाडून टोपलीत नाग बाळगणाऱ्या गारुड्याची रीत आणि शिराळ्याची रीत वेगळी आहे, हे येथील लोक आग्रहाने सांगतात. आणि हा भेद खरा आहे. शेतकऱ्याने नाग हाताळावा आणि तो मारू नये, ही साधी गोष्ट नव्हे. महाराष्ट्रातील बहुसंख्य गावांत साप दिसताच काठी उगारली जाते, हे ध्यानात घेतले तर या कौशल्यामागील धीटपणाचे मोल कळते.

मात्र त्याबरोबर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. मिरवणुकीला मंडळांचे स्वरूप आले, सर्वांत लांब नाग कोणाचा, सर्वांत उंच फणा कोणाची, यांच्या स्पर्धा लागल्या, बक्षिसे आली. वाहनांवर ध्वनिवर्धक चढले. सापाला बाह्यकर्ण नसतो. जमिनीतून येणारी कंपने त्याला तीव्रतेने जाणवतात आणि हवेतील खालच्या पट्टीचे ध्वनीही काही प्रमाणात कळतात. अशा प्राण्याला ढोल-ताशांच्या मध्यभागी तासन्‌तास फणा काढून ठेवावयास लावणे म्हणजे त्याला सतत बचावाच्या पवित्र्यात ठेवणे होय. फणा हे नागाच्या प्रसन्नतेचे चिन्ह नाही. ते धास्तीचे आणि इशाऱ्याचे चिन्ह आहे. दुधाविषयीही तेच. दूध हे सापाचे अन्न नव्हे. तहानेने व्याकूळ झालेला साप समोरचे कोणतेही द्रव पिऊ शकतो, इतकाच त्याचा अर्थ.

या बदलात छायाचित्रकाराचा वाटा किती, याचा विचार फारसा झालेला नाही. पूजेला प्रेक्षक लागत नाही, स्पर्धेला लागतो. प्रथम वृत्तपत्रांचे आणि दूरचित्रवाणीचे कॅमेरे आले, पुढे प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला. बंदीनंतरच्या काळात हाच मोबाईल उलट्या दिशेनेही काम करू लागला. नाग हाताळल्याची चित्रफीत समाजमाध्यमावर टाकणे म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच प्रसृत करणे ठरले. मिरवणुकीची हौस वाढविणारे साधनच वनखात्याच्या उपयोगी पडावे, हा तंत्रज्ञानाचा विनोद म्हणावा लागेल.

कायद्याची वाट

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची व्याप्ती मोठी आहे. प्राण्यास ठार मारणे एवढाच तिचा अर्थ नसून त्यास पकडणे, सापळ्यात अडकविणे, हाकणे हेही तीत येते. त्यामुळे पूजेसाठी नाग पकडणारा भक्त कायद्याच्या दृष्टीने शिकारी ठरतो. हा शब्द शिराळकरांना बोचतो आणि तसे होणे स्वाभाविक आहे. २००२ पासून हा विषय जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, आणि २०१४ नंतर आदेशांची अंमलबजावणी कडक होऊन जिवंत नागाची मिरवणूक थांबली. कथेतील त्या स्त्रीने सोडून दिलेला मातीचा नाग न्यायालयामार्फत पुन्हा पाटावर आला.

यानंतरचा एक बदल राजकीय चर्चेत सहसा उल्लेखिला जात नाही. नाग पूर्वी अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत होता. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, त्याचा समावेश पहिल्या अनुसूचीत झाला. परिणाम दोन. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीस किमान तीन व कमाल सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. कलम १२ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षकास काही विशिष्ट हेतूंसाठी प्राणी पकडण्याचा परवाना देता येतो. पण प्राणी पहिल्या अनुसूचीतील असेल तर केंद्र शासनाची पूर्वपरवानगी लागते, अन्य प्राण्यांच्या बाबतीत राज्य शासनाची. म्हणजे शिराळ्याच्या सणाची किल्ली मुंबईहून दिल्लीस गेली, आणि ती ज्या संसदीय दुरुस्तीने गेली, ती मांडणारे शासनच पुढे सण पुन्हा सुरू करून दिल्याचे श्रेय घेऊ शकले.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत शिराळ्यातील प्रचारसभेत केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी नागपंचमीची परंपरा पुन्हा सुरू करण्याचे आश्वासन दिले. भारतीय जनता पक्षाचे उमेदवार सत्यजित देशमुख निवडून आले. पुढच्या जुलैमध्ये परवानगी आली. हा क्रम कोणत्याही एका पक्षापुरता मर्यादित समजणे अपुरे ठरेल. बंदीनंतरच्या वर्षांत या प्रश्नावर गावाच्या भावनेच्या विरुद्ध बोलण्याचे राजकीय धैर्य क्वचितच कोणी दाखविले.

येथे बैलगाडा शर्यतींशी तुलना उपयुक्त ठरते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांवर बंदी घातली. २०१७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त मुभा मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. त्या निर्णयाशी कोणी सहमत असो वा नसो, तेथे विधिमंडळाने उघडपणे कायदा बदलला आणि न्यायालयाने तो तपासला. नागाला मालक नाही, तो पाळीव नाही, म्हणून ती वाट येथे अवघड आहे. त्याऐवजी निवडलेली परवान्याची वाट सोपी आहे. परंतु परवाना ठरावीक दिवसांचा असतो. तो पुन्हा मागावा लागतो आणि पुन्हा कोणीतरी मिळवून द्यावा लागतो. ज्या सणाची तिथी पंचांग ठरवीत असे, त्याचा निर्णय आता कार्यालयातील टिपणीवर अवलंबून राहतो. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांना तरी यात विजय दिसू नये.

त्याच जुलैच्या अखेरीस शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात उलटी घटना घडली. शिरोळ तालुक्यातील नांदणी येथील जैन मठाची हत्तीण माधुरी न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या ‘वनतारा’ या केंद्राकडे रवाना झाली. लोकक्षोभ उसळला आणि त्याने निषेधाचे नवे साधन शोधले : ‘वनतारा’ ज्या उद्योगसमूहाशी संबंधित आहे, त्याच्या मोबाईल कंपनीची सेवा सोडून क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे वळविण्याची मोहीम गावोगावी चालली. दोन शेजारी जिल्हे, दोन प्राणी, दोन श्रद्धा. एका ठिकाणी श्रद्धेला ‘शिक्षण’ म्हणून वाट मिळाली, दुसरीकडे ‘प्राणिकल्याण’ म्हणून ती अडली. २०२२ च्या दुरुस्तीत पाळीव हत्तीच्या संदर्भात ‘धार्मिक’ हा शब्द स्पष्टपणे आलेला आहे, नागाच्या संदर्भात नाही, ही विसंगतीही नोंद घेण्यासारखी आहे.

‘शिक्षण’ म्हणजे काय

कलम १२ मध्ये हेतूंची यादी आहे. तीत शिक्षण आहे, वैज्ञानिक संशोधन आहे, शास्त्रीय व्यवस्थापन आहे, प्राणिसंग्रहालयासाठी नमुने गोळा करणे आहे, आणि जीवरक्षक औषधांच्या निर्मितीसाठी सर्पविष मिळविणे हाही एक हेतू आहे. धर्म नाही. तेव्हा अर्जदाराने यादीतील सर्वांत जवळचा शब्द उचलला, हे समजण्यासारखे आहे. महाविद्यालयीन अध्यापकाला मात्र हा शब्द इतक्या सहजासहजी सोडून देता येत नाही. शिक्षण म्हटले की विषय, शिक्षक, विद्यार्थी आणि शिकले की नाही याची तपासणी, ही चार अंगे आली. परवानगीसोबत मिरवणूक, प्रदर्शन आणि स्पर्धा यांना मनाई होती. परंतु या अटी काय करू नये एवढेच सांगतात. काय शिकवावे, हा प्रश्न त्यांनी सुटत नाही.

शिकविण्यासारखे पुष्कळ आहे, आणि तेही प्राणांशी निगडित. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मृत्युमुखी पडली. सरासरी वर्षाला ५८ हजार. यांतील बहुसंख्य ग्रामीण भागातील, आणि जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांत. म्हणजे श्रावण हा सापाच्या पूजेचा तसाच त्याच्या दंशाचाही काळ आहे. शिराळा तालुक्यात भाताची खाचरे आहेत, पावसाळ्यात अनवाणी किंवा उघड्या पायांनी काम चालते, भातामागे उंदीर व उंदरामागे नाग येतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर देशात तयार होणारी एकच संयुक्त लस दिली जाते. नाग व मण्यार यांचे विष मुख्यतः मज्जासंस्थेवर, तर घोणस व फुरसे यांचे रक्त गोठण्याच्या प्रक्रियेवर आघात करते. मण्यारीचा दंश रात्री झोपेत होतो आणि पुष्कळदा त्याची खूणही दिसत नाही. हे ज्ञान नाग हाती धरल्याने आपोआप येत नाही.

पारंपरिक ज्ञान या शब्दाचीही छाननी व्हावयास हवी. वारूळ कोणते वसते आणि कोणते ओस, नाग कोणत्या वेळी बाहेर पडतो, तो न दुखावता कसा उचलावा, हे अनुभवजन्य ज्ञान आहे आणि ते नोंदवून ठेवण्याच्या योग्यतेचे आहे. दंशावर मंत्र घालणे हेही परंपरेतच मोडते. पण सर्पदंश झालेल्यास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी आयुष्य वेचलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर शेजारच्या साताऱ्याचे. एकाच शब्दाखाली जीव वाचविणारे कौशल्य आणि जीव घेणारा समज, दोन्ही बसतात.

याच कलमाच्या दुसऱ्या खंडाचा उपयोग तमिळनाडूत कसा झाला, ते पाहण्यासारखे आहे. इरुळा जमातीचे लोक पिढ्यान्‌पिढ्या साप पकडीत आणि सापाच्या कातड्याचा व्यापार हे त्यांच्या उपजीविकेचे साधन होते. १९७२ च्या अधिनियमानंतर तो व्यापार बेकायदा ठरला. १९७८ मध्ये सर्पतज्ज्ञ रॉम्युलस व्हिटेकर यांच्या सहकार्याने इरुळांची सहकारी संस्था उभी राहिली. शासनाने ठरवून दिलेल्या संख्येइतके साप पकडावयाचे, काही आठवडे मातीच्या मडक्यांत ठेवून ठरावीक अंतराने विष काढावयाचे, आणि मग साप परत रानात सोडावयाचे, अशी तेथील पद्धत आहे. देशातील सर्पविषप्रतिबंधक लसीसाठी लागणारे विष दीर्घकाळ मुख्यतः या संस्थेकडून येत राहिले. साप तोच, मडकेही तेच. मात्र एकाच प्रदेशातील विषावर अवलंबून राहिल्याने अन्यत्र लस कमी परिणामकारक ठरू शकते, कारण एकाच जातीच्या सापाच्या विषाची घटना प्रदेशागणिक बदलते. त्यामुळे निरनिराळ्या प्रदेशांतील विषाचे नमुने मिळावेत, अशी मागणी शास्त्रज्ञ करीत आले आहेत. इरुळांच्या संस्थेत साप सोडण्यापूर्वी त्याच्या पोटाकडील खवल्यांवर खूण केली जाते. तोच साप पुन्हा हाती आला तर तो ओळखता यावा आणि त्याचे विष लागोपाठ काढले जाऊ नये, एवढ्यासाठी.