पायथॉन २ चा सपोर्ट कसा थांबला?

- लायब्ररीने सपोर्ट थांबवणे म्हणजे : लायब्ररीची नवी आवृत्ती जुन्या भाषा-आवृत्तीवर चालेल, याची हमी संपणे. आधी बसवलेली लायब्ररी चालत राहते. नव्या सुधारणा मात्र मिळत नाहीत.
- पायथॉन ३.० : ३ डिसेंबर २००८ रोजी प्रसिद्ध. पायथॉन २ साठी लिहिलेला बराचसा कोड त्यावर जसाच्या तसा चालत नव्हता.
- पायथॉन २.७ च्या सपोर्टची मुदत : आधी २०१५, पुढे वाढवून १ जानेवारी २०२०. शेवटची आवृत्ती २.७.१८, एप्रिल २०२०.
- जँगो (वेब फ्रेमवर्क) : १.११ ही पायथॉन २ वर चालणारी शेवटची मालिका. २.० पासून (डिसेंबर २०१७) फक्त पायथॉन ३.
- नमपाय (आकडेमोडीची लायब्ररी) : १.१६ ही पायथॉन २ वर चालणारी शेवटची मालिका. १.१७ पासून (जुलै २०१९) फक्त पायथॉन ३.
- पिपचे (लायब्ररी बसवण्याच्या साधनाचे) काम : लायब्ररीने किमान पायथॉन आवृत्ती नोंदवलेली असल्यास, पिप ९ पासून जुन्या पायथॉनवर चालणारीच आवृत्ती निवडली जाते.
- पायथॉन आवृत्तीच्या सपोर्टचे दोन टप्पे : आधी सर्वसाधारण दोषदुरुस्ती; नंतर केवळ सुरक्षेच्या त्रुटींची दुरुस्ती.
- सध्याचे वेळापत्रक : दर ऑक्टोबरला नवी पायथॉन आवृत्ती, प्रत्येकीला सुमारे ५ वर्षे सपोर्ट.