तंतुमिश्र द्रव्यांतील जलशोषण

पावसाळ्यात लाकडी दार चौकटीत अडकू लागले की लाकडाने पाणी ओढले, हे कोणीही सांगेल. कर्बतंतू व इपॉक्सी राळ यांच्या पत्र्याचे तसे नाही. तो फुगल्याचे डोळ्यांस कळत नाही आणि वजनात पडणारी भरही बहुधा शेकडा एक-दीडच्या आसपास असते. म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते.

कर्बतंतू व काचतंतू स्वतः जवळजवळ पाणी शोषीत नाहीत. अ‍ॅरामिड तंतू याला अपवाद होत. पाणी शिरते ते राळेत. तेथे ते रेणूंच्या साखळ्यांची पकड सैल करते व राळेचे काचसंक्रमण तापमान खाली आणते. इपॉक्सी राळेत शेकडा एक पाण्यामागे सुमारे २० अंश सेल्सिअस, असा स्थूल आडाखा आहे. तंतूंच्या दिशेने ओढ दिल्यास भार मुख्यतः तंतूच वाहतात, त्यामुळे ताणबल फारसे ढळत नाही. दाब दिल्यास गोष्ट निराळी होते. बारीक तंतूस बाजूने आधार देऊन वाकू न देणे हे काम राळेचे. ती मऊ झाली आणि त्यातच उष्णतेची भर पडली, म्हणजे तंतू वाकतात व पत्रा कमी भाराखाली मोडतो. विमानाच्या भागांची परीक्षा उष्ण व ओल्या स्थितीत घेतात ती याच कारणाने.

पाण्याचा एक उपकारही नमूद केला पाहिजे. तापवून पक्का केलेला पत्रा थंड होताना राळ तंतूंपेक्षा अधिक आकसू पाहते व तिच्यात ताण उरतो; पुढे ती पाण्याने फुगली की हा ताण काही अंशी निवळतो. अर्थात या उपकारावर विसंबून कोणी आराखडा करू नये.

राळेचे मऊपण पत्रा वाळविल्यावर बहुतांशी जाते. परंतु काचतंतू व राळ यांच्या सांध्यातील बंध दीर्घकाळच्या ओलीने तुटले, तर नुसत्या वाळवणाने पूर्वीचे बळ परत येत नाही.

पाणी आत शिरण्याचे गणित आडॉल्फ फिक याने १८५५ साली मांडलेल्या विसरणाच्या नियमावर उभे आहे. शेन व स्प्रिंगर यांनी १९७६ साली ते संमिश्र पत्र्यांस लावून दाखविले. त्यातील मर्म असे की, लागणारा काळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २ मिलिमीटरचा पत्रा एका महिन्यात संपृक्त होत असेल, तर त्याच स्थितीत ८ मिलिमीटरच्या पत्र्यास १६ महिने लागतील. जाड नमुना आठवडाभर बुडवून ‘पाण्याचा परिणाम नाही’ असे लिहिणे म्हणजे पाणी पोचण्यापूर्वीच निकाल देणे होय. उलट, घाईपोटी नमुने उकळत्या पाण्यात ठेवल्यास प्रत्यक्ष वापरात कधी न होणारी हानी ओढवू शकते.

तेव्हा वजनातील वाढ काळाच्या वर्गमुळासमोर मांडून पाहावी. रेषा आरंभी सरळ चढून मग सपाट झाली, तर फिकचा नियम लागू पडतो असे समजावे. सपाट झालेली रेषा पुन्हा चढू लागली, तर आत तडे गेल्याचा संशय घ्यावा; ती खाली घसरली, तर राळेचाच काही अंश पाण्यात उतरू लागला असण्याचा संभव असतो.