पोगाचार की व्हिंगेगार्ड? सायकलपटूचा ‘फॉर्म’ आकड्यांत कसा मोजतात

१४ जुलै २०२४. टूर द फ्रान्सचा पंधरावा टप्पा. पिरेनीज पर्वतात १९७.७ किलोमीटर, वाटेत घाटामागून घाट, आणि शेवटी प्लाटो द बेयची चढण: १५.८ किलोमीटर, सरासरी चढ ७.९ टक्के. स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारने ही चढण साधारण ३९ मिनिटं ५० सेकंदांत मारली. मार्को पंतानीचा १९९८ चा रेकॉर्ड त्याने सुमारे साडेतीन मिनिटांनी मोडला.

संध्याकाळपर्यंत सगळीकडे एकच आकडा फिरत होता: ‘जवळपास ७ वॅट्स पर किलो’. कोणी म्हणत होतं इतिहासातली सर्वात भारी चढाई, कोणी म्हणत होतं काहीतरी गडबड आहे. गंमत म्हणजे पोगाचारच्या सायकलवरचं मीटर बाहेर कोणी पाहिलेलंच नव्हतं. मग हा आकडा आला कुठून? आणि त्यावरून कोण जास्त फॉर्मात आहे हे खरंच कळतं का?

ज्यांनी टूर कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. तीन आठवडे, २१ टप्पे, सगळ्या टप्प्यांचा वेळ मिळून ज्याचा सर्वात कमी तो विजेता. सपाट रस्त्यावर सगळे एकमेकांच्या आडोशाने जातात, त्यामुळे खरा फरक पडतो तो घाटात आणि टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध पळवायच्या टप्प्यात.

काटा तोच, भाजीवाल्याचा

प्रोफेशनल सायकलच्या क्रँकमध्ये किंवा पेडलमध्ये पॉवर मीटर असतो. त्याच्या आत स्ट्रेन गेज नावाची चिमुकली पट्टी असते. पायाने जोर दिला की धातू किंचित वाकतो, पट्टी ताणली जाते आणि तिचा विद्युत रोध बदलतो. भाजीवाल्याच्या डिजिटल काट्यात अगदी हीच पट्टी असते. फरक एवढाच की इथे जोराला पेडल फिरण्याच्या वेगाने गुणायचं, म्हणजे वॅट्स मिळतात.

चांगल्या पॉवर मीटरची चूक एक-दीड टक्क्याच्या आत असते. ऐकायला छान वाटतं, पण ४५० वॅट्सवर एक टक्का म्हणजे साडेचार वॅट्स. दोन वेगळ्या कंपन्यांचे मीटर लावलेल्या दोन रायडर्सची तुलना करायला गेलात तर तुम्ही कधीकधी रायडर नाही, मीटर मोजत असता. त्यातून मोठ्या शर्यतींचा हा डेटा टीम्स सहसा बाहेर देत नाहीत. प्रतिस्पर्ध्याला कोण कशाला सांगेल की आपला माणूस किती मिनिटांनी थकतो?

मग बाहेरची मंडळी हिशोब कसा लावतात?

बारावीच्या फिजिक्सने. खरंच. चढावर सायकलपटूची ताकद तीन ठिकाणी खर्च होते: स्वतःला आणि सायकलला वर उचलायला, टायरच्या घर्षणात आणि हवा कापायला. प्लाटो द बेयचा हिशोब आपणच करून बघू.

पोगाचारचं वजन साधारण ६६ किलो सांगितलं जातं. सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी असू नये असा नियम आहे. कपडे, बूट, बाटली धरून एकूण ७४ किलो धरू. उंची चढला सुमारे १,२४८ मीटर, वेळ २,३९० सेकंद. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध लागणारी पॉवर आली ३७९ वॅट्स. टायरसाठी साधारण १९ वॅट्स. ताशी २३.८ किलोमीटर वेगाने हवा कापायला, शरीराची ठेवण आणि उंचीवरची विरळ हवा यांचे नेहमीचे अंदाज घेतले तर, ४५ वॅट्स. बेरीज ४४३. चेन आणि गिअरमध्ये अडीच टक्के वाया जातात असं धरलं तर पायातून निघाले सुमारे ४५५ वॅट्स. भागिले ६६, म्हणजे ६.९ वॅट्स पर किलो.

झालं, आला तो व्हायरल आकडा! चाळीस मिनिटं सलग.

आता कोडर सवयीने करतात ते करू: इनपुट थोडं हलवून बघू. वजन ६६ ऐवजी ६४ धरलं तर? उत्तर जेमतेम बदलतं, कारण वजन वरही आहे आणि खालीही. म्हणून ‘त्याचं खरं वजन कुठे माहितीये?’ हा आक्षेप वाटतो तेवढा मोठा नाही. पण वारा हलवा. मागून सेकंदाला २ मीटर, म्हणजे ताशी ७ किलोमीटर, पान हलेल न हलेल इतका वारा आहे असं धरा. हवेचा खर्च ४५ वरून २२ वॅट्सवर येतो आणि उत्तर ६.५ होतं. तोच वारा समोरून धरला तर ७.४. म्हणजे एका झुळकेवर ‘चांगला रायडर’पासून ‘परग्रहावरचा माणूस’पर्यंत सगळं मावतं. घाटरस्त्याला प्रत्येक वळणावर दिशा बदलते, त्यामुळे वारा थोडाफार एकमेकांना कापतो, पण पूर्ण नाही. शिवाय चढणीच्या सुरुवातीला पोगाचार दुसऱ्यांच्या मागे होता, त्याला हवेचा पूर्ण मार लागलेला नाही.

एक सोपा शॉर्टकटही आहे. तासाला किती मीटर उंची चढली याला ‘व्हॅम’ म्हणतात, हा मूळचा इटालियन शब्दांचा शॉर्टफॉर्म. इथे व्हॅम येतो १,८८०. त्याला २०० अधिक चढाच्या टक्क्यांची दहापट, म्हणजे २७९ ने भागायचं: ६.७. जुन्या सूत्राचं आणि आपल्या लांबलचक गणिताचं उत्तर जवळ आलं. हे सूत्र लोकप्रिय करणारा माणूस म्हणजे डॉक्टर मिकेले फेरारी, लान्स आर्मस्ट्राँगचा सल्लागार, ज्याच्यावर २०१२ मध्ये अमेरिकेच्या अँटी-डोपिंग संस्थेने आजन्म बंदी घातली. माणूस कसाही असो, भागाकार बरोबर आहे.

सरासरी खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगते

त्याच दिवशी डेन्मार्कचा योनास व्हिंगेगार्ड दुसरा आला, १ मिनिट ८ सेकंद मागे. म्हणजे त्यानेही पंतानीला दोन मिनिटांहून जास्त फरकाने मागे टाकलं! एप्रिलमध्ये बास्क प्रदेशातल्या शर्यतीत तो भयानक पडला होता; गळ्याजवळचं हाड आणि बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला इजा झाली. तीन महिन्यांत परत येऊन त्याने आयुष्यातली सर्वोत्तम चढाई केली, असं त्याचं स्वतःचंच म्हणणं होतं. आणि तरी हरला.

६८ सेकंद म्हणजे चाळीस मिनिटांत जेमतेम ३ टक्के. पण हा फरक पूर्ण चढणीवर पडलेला नाही. व्हिंगेगार्डने आधी हल्ला केला, पोगाचार त्याच्या चाकाला चिकटून राहिला, आणि शेवटच्या साडेपाच किलोमीटरच्या आसपास त्याने उलटा हल्ला चढवला. म्हणजे सगळे ६८ सेकंद शेवटच्या १३-१४ मिनिटांत गेले. तिथे फरक ८ टक्क्यांच्या घरात जातो. सर्व्हरचा सरासरी रिस्पॉन्स टाइम मस्त दिसतो आणि तरी दर शंभरातला एक युजर शिव्या घालतो, हे ज्यांनी भोगलंय त्यांना कळेल मी काय म्हणतोय. पूर्ण चढणीची सरासरी बघू नका, तुकडे पाडून बघा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: ती चढण यायच्या आधी काय झालं होतं? ताजा असताना २० मिनिटं ६.५ वॅट्स पर किलो मारणारे बरेच निघतील. पाच तास सायकल चालवल्यावर तेच करणारे हातावर मोजण्याइतके. टीम्स म्हणूनच रायडरचा आलेख ‘एवढे किलोज्यूल खर्च झाल्यावर किती पॉवर उरते’ असा बघतात. वर काढलेल्या चढाईत फक्त शेवटच्या ४० मिनिटांत सुमारे १,०९० किलोज्यूल काम झालं. आपलं शरीर अन्नातल्या ऊर्जेचा पाव हिस्साच पेडलपर्यंत पोचवतं, त्यामुळे हिशोबात एक किलोज्यूल काम म्हणजे साधारण एक कॅलरी खर्च असं सोयीचं समीकरण पडतं. म्हणजे १,१०० कॅलरी, तीन-चार वडापाव. तेवढ्या वेळात पोटातून रक्तात जाऊ शकते त्याच्या कितीतरी कमी: आजचे प्रो तासाला १२० ग्रॅमपर्यंत कार्बोहायड्रेट घेतात, म्हणजे तासाला ४८० कॅलरी. बाकीचं साठ्यातून. साठा संपला की खेळ खल्लास.

२०२२ ची टूर बघा. अकराव्या टप्प्याच्या सकाळी पिवळी जर्सी पोगाचारकडे, व्हिंगेगार्ड ३९ सेकंद मागे. गालिबिये घाटात व्हिंगेगार्ड आणि त्याचा तेव्हाचा टीममेट प्रिमोझ रोग्लिच आळीपाळीने हल्ले करत राहिले. एक थांबला की दुसरा. पोगाचारने प्रत्येकाला उत्तर दिलं, हसतसुद्धा होता. मग आली २,४१३ मीटर उंचीची ग्रानॉंची चढण, ११.३ किलोमीटर. तिथे तो अक्षरशः थांबल्यासारखा झाला आणि त्या एका दिवसात व्हिंगेगार्डला २ मिनिटं ५१ सेकंद देऊन बसला. पॅरिसला पोचल्यावर अंतिम फरक होता २ मिनिटं ४३ सेकंद. ग्रानॉंवरचे त्याचे वॅट्स काढून कोणी ‘पोगाचारचा फॉर्म गेला’ म्हटलं असतं तर ते चूकच ठरलं असतं. पैसे गालिबियेवर खर्च झाले होते, बिल ग्रानॉंवर आलं.

फॉर्म म्हणजे स्क्रीनशॉट नाही

जून २०२५, दोफिने शर्यत. टूरच्या आधीची ही रंगीत तालीम. १७.४ किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये व्हिंगेगार्डने पोगाचारला २८ सेकंदांनी मागे टाकलं. लगेच निष्कर्ष निघाले: पोगाचारची टाइम ट्रायल कच्ची, यंदा डेन्मार्क. बरोबर चार आठवड्यांनी टूरमध्ये कां शहरात ३३ किलोमीटरची टाइम ट्रायल झाली. रेमको एव्हेनेपूल दोन्ही वेळा पहिला. पण या वेळी पोगाचार त्याच्या फक्त १६ सेकंद मागे, आणि व्हिंगेगार्ड १ मिनिट २१ सेकंद मागे. चित्र उलटं. शेवटी पोगाचारने टूर ४ मिनिटं २४ सेकंदांनी जिंकली.

इथे एव्हेनेपूल आपल्यासाठी मोजपट्टीचं काम करतो. दोन वेगळ्या रस्त्यांवरचे, वेगळ्या हवामानातले वेळ एकमेकांशी तोलता येत नाहीत. पण दोन्ही दिवशी हजर असलेल्या तिसऱ्या माणसापासूनचं अंतर तोलता येतं. त्याचाही फॉर्म बदलतो हे खरं, पण वाऱ्यापेक्षा कमी. माझं मत विचाराल तर दोन रायडर्सची तुलना करायची सर्वात प्रामाणिक पद्धत हीच: तोच दिवस, तोच रस्ता, आणि सेकंद. वॅट्स पर किलो नंतर.

म्हणूनच वेगवेगळ्या काळातल्या तुलना मला पटत नाहीत. पंतानीच्या १९९८ च्या नमुन्यांत ईपीओ हे बंदी असलेलं औषध सापडल्याचं फ्रेंच सिनेटच्या २०१३ च्या अहवालात आलं. ‘डोपिंगवाल्यापेक्षा वेगात गेला म्हणजे यानेही केलं असणार’ हा तर्क सुचणं साहजिक आहे. पण मधल्या २६ वर्षांत टायर रुंद झाले, कपडे आणि सायकली हवेला कापणाऱ्या झाल्या, खाणं दुप्पट झालं, आणि त्या दिवशी पोगाचारला शेवटपर्यंत ढकलणारा व्हिंगेगार्ड होता. हे सगळं धरून साडेतीन मिनिटं पूर्ण सुटतात का? माझ्या गणितात काही भाग सुटतो, सगळा नाही. पण झुळकेने ०.४ ने हलणारा आकडा हा कोणाविरुद्धचाही पुरावा नसतो, आणि निर्दोष असल्याचा दाखलाही नसतो. त्यासाठी रक्त-लघवीच्या चाचण्या आहेत.

तुमच्या फोनवर

हाच हिशोब तुमचा फोन रोज करतो. पॉवर मीटर नसताना स्ट्राव्हा जो ‘अंदाजे पॉवर’ दाखवतं तो वजन, वेग आणि चढ यांवरूनच येतो. तुम्ही सिंहगडाच्या चढावर मित्राच्या मागे चिकटून गेलात की एकट्याने, याची त्या गणिताला खबर नसते. जीपीएसची उंची तर आडव्या अंतरापेक्षा जास्त चुकते. फोनमध्ये बॅरोमीटर असेल तर बरं, नाहीतर नकाशावरून पायथा आणि माथा यांची उंची घ्या आणि स्टॉपवॉच लावा. समजा ६०० मीटर उंची ५० मिनिटांत चढलात आणि सरासरी चढ ७ टक्के आहे. व्हॅम ७२०, भागिले २७०, म्हणजे २.७ वॅट्स पर किलो.

हा आकडा वाढवायचा सोपा मार्ग म्हणजे खालचा ‘किलो’ कमी करणं असं वाटतं, आणि त्या नादात जेवण तोडणारे मी पाहिलेत. दोन आठवड्यांत वॅट्स किलोपेक्षा जास्त वेगाने खाली येतात. वजन तसंच ठेवून दर महिन्याला त्याच चढावर, त्याच वेळी, सकाळी वारा नसताना जा आणि फक्त मिनिटं लिहून ठेवा. आणि एखाद्या रविवारी आधी दोन तास सायकल चालवून मग चढा. ताज्या पायांचा वेळ आणि दमलेल्या पायांचा वेळ, दोन्ही एकाच पानावर.