डोळ्यांचे स्नायू का टिकतात? स्टेम सेलच्या नावाने पैसे भरण्याआधी हे वाचा

ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा आजार प्रामुख्याने मुलग्यांना होतो. मुलगा चार-पाच वर्षांचा असताना जिना चढताना दमतो, जमिनीवरून उठताना मांडीवर हात टेकतो. पुढे चालणंच थांबतं. पण हातपाय थकले तरी त्याचे डोळे मात्र नीट फिरतात. असं का?

या आजारात डिस्ट्रॉफिन नावाच्या जनुकात बिघाड असतो. त्यामुळे स्नायूंचे तंतू वारंवार तुटतात. त्यांची दुरुस्ती करतात त्या स्नायूंतल्या मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल. 1961 मध्ये अलेक्झांडर मॉरो यांनी बेडकाच्या स्नायूत त्यांची नोंद केली.

आपल्या शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात, पण सगळी एकाच वेळी चालू नसतात. घरात दिवे अनेक, पण आपण लागतील तेवढेच लावतो ना, तसंच. कोणतं जनुक किती चालू आहे, हे पेशीतला आरएनए मोजून कळतं.

शास्त्रज्ञांनी पायाच्या आणि डोळ्याच्या स्नायूंतल्या मूलपेशी अशा ताडून पाहिल्या. पॅक्स-7 हे जनुक दोन्हीकडे चालू असतं. पण गर्भात हातापायांचे स्नायू घडताना पॅक्स-3 महत्त्वाचं, तर डोळ्यांच्या स्नायूंसाठी पिट्क्स-2. उंदरांवरच्या प्रयोगांत डोळ्यांकडच्या मूलपेशी जास्त जोमाने वाढल्या, डिस्ट्रॉफिन नसतानाही. डोळे टिकण्यामागे इतर कारणंही आहेत, पण स्नायूंच्या सगळ्या मूलपेशी एकसारख्या नाहीत, हे यातून स्पष्ट होतं.

म्हणूनच ‘स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या, मूल चालेल’ असं कुणी सांगितलं तर दागिने गहाण टाकण्याआधी थांबा. विचारा: पेशी कुठल्या? त्या कोणत्या स्नायूपर्यंत पोहोचणार? आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठीचं मूलपेशी प्रत्यारोपण वगळता बाकी वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतो. त्या चाचणीची सरकारी नोंदणी आहे का, हेही पाहा.

तोवर स्टेरॉइड, फिजिओथेरपी आणि हृदयाची नियमित तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवा. आणि आईला दोष देऊ नका. साधारण तीनपैकी एका मुलात हा बिघाड नव्यानेच झालेला असतो, आणि जिथे तो आईकडून येतो तिथेही तिचा काही गुन्हा नसतो.