बाळाची पहिली बैठक : उंच खुर्ची की बूस्टर सीट?

कुंभकोणम (तमिळनाडू) : कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मध्ये वसलेल्या या नगरात आदि कुंभेश्वर मंदिराच्या परिसरात पितळी भांड्यांची दुकाने आजही ग्राहकांची वाट पाहत उभी असतात. समया, घंटा, कॉफीचे डबरा-टंबलर यांच्या गर्दीत लांब चोचीचे एक चिमुकले भांडे नजरेस पडते. तमिळमध्ये त्याला ‘पालाडै’ म्हणतात. मराठी घरांतील बोंडल्याचे ते सख्खे भावंड. तान्ह्या बाळाला दूध किंवा औषध पाजण्यासाठी पिढ्यानपिढ्या ते वापरले गेले. अपुऱ्या दिवसांच्या, स्तनपान करण्याइतके बळ न आलेल्या बाळांना दूध देण्यासाठी भारतातील रुग्णालयांतही पालाडैचा उपयोग केला जातो.

या भांड्याचे काम बहुतांशी मांडीवर चालते. बाळ मात्र सहा महिन्यांचे झाले, उष्टावण पार पडली, की त्याला वरणभाताचा घास हवा असतो, आणि घास खाण्यासाठी बसावे लागते. ते कोठे बसवावे, हा प्रश्न पूर्वीच्या घरांना फारसा पडत नसे. आजी, आत्या, मावशी यांपैकी कोणाची तरी मांडी रिकामी असे. मराठी घरात चिऊ-काऊच्या नावाने घास भरवले जात आणि तमिळ घरात अंगणातील चांदोबा दाखवून. १६७६ मध्ये एकोजीराजांनी तंजावरला मराठी सत्ता स्थापन केली, तेव्हापासून कावेरीच्या या खोऱ्यात मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. बडोदा संस्थानचे दिवाण राजा सर टी. माधवराव यांचा जन्मही १८२८ मध्ये कुंभकोणमचाच. अशा घरांत दोन्ही रीती शेजारी-शेजारी टिकल्या. आता घरे लहान झाली, घरात दिवसभर असणारी माणसे कमी झाली आणि मांडीची जागा घेण्यासाठी बाजारात उंच खुर्ची, म्हणजे ‘हाय चेअर’, आणि मोठ्यांच्या खुर्चीवर बांधायची ‘बूस्टर सीट’ आली.

या वस्तूंची निवड बहुधा रंग, गादी आणि किंमत पाहून होते. वास्तविक तिचा संबंध बाळाच्या गिळण्याशी आणि पडण्याशी आहे.

गिळण्यासाठी मान आणि धड स्थिर असणे आवश्यक असते. बाळ मागे रेलले किंवा एका कुशीला कलले, की घास जिभेवर नीट फिरण्याआधीच घशाकडे घसरण्याचा धोका वाढतो. बाळ ताठ बसले, कंबर आणि गुडघे काटकोनात राहिले व तळपायांना आधार मिळाला, तर धड सावरण्यासाठी त्याला वेगळे कष्ट पडत नाहीत. त्याचे लक्ष हाताकडे, तोंडाकडे व अन्नाकडे राहते. पाय अधांतरी लोंबकळत असतील तर मोठ्या माणसालाही उंच स्टुलावर बसून जेवणे अवघड वाटते. बाळाची अडचण तीच असते, फक्त त्याला ती सांगता येत नाही. ते चुळबुळ करते, घसरते, रडते आणि ‘खात नाही’ असा शिक्का त्याच्यावर बसतो. म्हणूनच खुर्चीला पाय टेकवण्याची फळी आहे काय, आणि बाळ वाढेल तशी ती खालीवर करता येते काय, ही पहिली पाहण्याची गोष्ट. नॉर्वेचे रचनाकार पीटर ऑप्सविक यांनी १९७२ मध्ये ‘ट्रिप ट्रॅप’ ही लाकडी खुर्ची घडवली, ती याच विचारातून. तिची बैठक आणि पायफळी दोन्ही मुलाच्या उंचीप्रमाणे सरकवता येतात. ती महाग आहे. पण तिच्यातील तत्त्व कोणताही सुतार समजून घेऊ शकतो.

खुर्ची केव्हा आणावी, याचे उत्तर बाळाच्या पाठीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार सहा महिने पूर्ण होईपर्यंत केवळ आईचे दूध द्यावे आणि त्यानंतर स्तनपानासोबत पूरक आहार सुरू करावा. याच संघटनेने विविध देशांतील बाळांच्या वाढीचा अभ्यास केला. भारतही त्या देशांपैकी एक होता. त्यात आधाराविना बसण्याचा टप्पा बाळांनी साधारण ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान गाठल्याचे दिसले. अंतर बरेच मोठे आहे. शेजारचे बाळ सहाव्या महिन्यात बसले म्हणून आपलेही बसेलच असे नाही. मान पूर्ण सावरलेली नसताना बाळाला उशांच्या आधाराने खुर्चीत कोंबून बसवणे घातक ठरते. मान सावरली आहे पण बसणे अजून डळमळीत आहे, अशा बाळाला काही आठवडे मांडीवरच ताठ बसवून भरवावे. त्यासाठी मांडीइतकी चांगली जागा नाही.

आता पडण्याविषयी. अमेरिकेतील नेशनवाइड चिल्ड्रेन्स हॉस्पिटलच्या संशोधकांनी २००३ ते २०१० या काळातील नोंदी तपासल्या. तीन वर्षांपर्यंतची सरासरी ९,४०० हून अधिक मुले दरवर्षी उंच खुर्चीशी संबंधित दुखापतींमुळे त्या देशातील आपत्कालीन विभागांत आणली जात होती. त्यांपैकी ९३ टक्के मुले पडलेली होती आणि डोक्याची दुखापत सर्वांत अधिक आढळली. पडण्यापूर्वी मूल काय करत होते याची नोंद जेथे मिळाली, तेथे दोन-तृतीयांश मुले खुर्चीत उभी राहत होती किंवा चढत होती. याचा अर्थ असा, की खुर्ची मोडून पडण्यापेक्षा मूल खुर्चीतून निसटणे हे संकट मोठे आहे. पट्टा नव्हता, लावला नव्हता किंवा सैल होता, अशा वेळीच मूल उभे राहू शकते.

म्हणून पट्टा हा खुर्चीचा सर्वांत महत्त्वाचा भाग. पाचकडी पट्टा दोन्ही खांद्यांवरून, कमरेवरून आणि पायांमधून येतो व मुलाला उठू देत नाही. तीनकडी पट्टा फक्त कंबर आणि पायांमधील भाग धरतो. चळवळ्या मुलाला त्यातून सुटणे जमते. याशिवाय दोन्ही पायांच्या मध्ये उभी खुंटी किंवा आडकाठी असावी. ती नसेल तर बाळ खाली घसरते आणि मान ट्रे व बैठकीच्या फटीत अडकू शकते. ट्रे म्हणजे पट्टा नव्हे. समोर ट्रे लावला म्हणजे मूल सुरक्षित झाले, हा समज सर्वत्र आढळतो आणि तो सर्वांत धोकादायक आहे.

उंच खुर्ची घ्यावी की बूस्टर सीट, याचा निर्णय दुकानात होऊ नये; तो घरातील पंगतीत व्हावा. ज्या घरात मोठी माणसे टेबलावर जेवतात तेथे बाळाची बैठक टेबलाच्या पातळीवर येणे योग्य. त्यासाठी रुंद पायांची उंच खुर्ची किंवा भक्कम लाकडी खुर्चीवर दोन पट्ट्यांनी, एक पाठीमागून आणि एक बैठकीखालून, घट्ट बांधलेली बूस्टर सीट चालते. हलक्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, फिरत्या खुर्चीवर किंवा घडीच्या खुर्चीवर बूस्टर बांधणे मात्र टाळावे. बाळाने टेबलाला पाय लावून जोर दिला तर अशी खुर्ची मागे उलटते.

परंतु कुंभकोणममधील काय किंवा सातारा-सांगलीकडील काय, कितीतरी घरांत आजही जमिनीवर पान किंवा ताट मांडून जेवण होते. अशा घरात माणसे खाली आणि बाळ एकटे वर, हे चित्र मुळातच विपरीत. बाळ इतरांना पाहून खायला शिकते. आजोबा भात कसा कालवतात, ताई बोटे कशी चाटते, हे त्याला दिसले पाहिजे. तेथे पाय काढता येणारी उंच खुर्ची आखूड करून वापरावी, अथवा पाठ, पट्टा आणि लहान ट्रे असलेली बूस्टर सीट सरळ जमिनीवर ठेवावी. अनेक बूस्टर सीट तशा ठेवता येतात. सूचनापत्रात तसा उल्लेख आहे काय, हे पाहून घ्यावे. जमिनीपासून वीतभर उंचीवरून पडलेल्या मुलाला होणारी इजा आणि मोठ्या माणसाच्या कमरेइतक्या उंचीवरून फरशीवर पडलेल्या मुलाची इजा, यांत तुलनाच नाही. जुन्या घरांतील सिमेंटच्या गुळगुळीत तांबड्या जमिनीही काही मऊ नसतात. जमिनीवर जेवणाऱ्या कुटुंबाने महागड्या उंच खुर्चीचा मोह सोडला तर त्यात पैशाइतकाच सुरक्षिततेचाही लाभ आहे.

खुर्ची नाही म्हणून बाळाला वॉकरमध्ये बसवून भरवण्याची पद्धत शहरांतून फार वाढली आहे. ती सोडणे हिताचे. वॉकरमध्ये बाळाचे बूड झोळीसारख्या कापडात असते, पाठ ताठ राहत नाही आणि क्षणात ते पायऱ्यांपर्यंत किंवा गॅसजवळ पोहोचते. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली. आपला लाकडी पांगुळगाडा, ज्याला तमिळनाडूत ‘नडैवंडी’ म्हणतात, ही गोष्ट निराळी; उभे राहू लागलेले मूल तो ढकलत चालते, त्यात बसत नाही. झोपाळ्यावर बसवून भरवणे हाही दक्षिणेकडील घरांतील जिव्हाळ्याचा प्रकार. मात्र झोका चालू असताना तोंडात घास नसावा.

दुकानात गेल्यावर खुर्ची दोन्ही हातांनी पुढे-मागे आणि आडवी हलवून पाहावी. पायांचा घेर बैठकीपेक्षा रुंद असेल तर ती सहसा कलंडत नाही. घडी होणारी खुर्ची उघडल्यावर खटका पक्का बसतो काय आणि त्या सांध्यात बोट सापडते काय, हे स्वतःचे बोट घालून तपासावे. चाके असतील तर त्यांना अडसर हवा. ट्रे बाळाच्या बेंबी आणि छाती यांच्या दरम्यान यावा. हनुवटीपर्यंत येणारा ट्रे असेल तर बाळाला हात खांद्यापर्यंत उचलून खावे लागते. जाड गादी दुकानात आकर्षक दिसते, पण कावेरीकाठच्या किंवा कोकणातील दमट हवेत तिच्या शिवणीत भाताची शिते अडकतात, बुरशी धरते आणि मुंग्या लागतात. पुसता येणारी साधी बैठक आणि काढून धुता येणारा पट्टा, एवढे असले की पुरे.

वेष्टनावर ‘आंतरराष्ट्रीय दर्जा’ असे नुसते छापलेले असेल तर त्याला अर्थ नाही. युरोपात उंच खुर्च्यांसाठी ‘ईएन १४९८८’ आणि अमेरिकेत ‘एएसटीएम एफ४०४’ ही मानके आहेत. अमेरिकेने २०१९ पासून उंच खुर्च्यांसाठी सुरक्षा नियम सक्तीचे केले. मानकाचा क्रमांक, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि वजनाची मर्यादा स्पष्ट छापलेली असेल तर निदान चौकशीला जागा राहते. नातेवाइकांकडून आलेली जुनी खुर्ची घेण्यास हरकत नाही, मात्र तिचा पट्टा, खटका आणि स्क्रू जागेवर असले पाहिजेत. पट्ट्याऐवजी ओढणी बांधून काम भागवू नये.

नवग्रह मंदिरांच्या यात्रेसाठी कुंभकोणमला येणाऱ्या कुटुंबांना हॉटेलांत उंच खुर्ची मिळते, पण तिचा पट्टा बहुधा तुटलेला किंवा गायब असतो. अशा वेळी बाळ मांडीवर घ्यावे, किंवा मोठ्यांच्या खुर्चीला बांधता येणारा कापडी पट्टा प्रवासात सोबत ठेवावा. आणि येथील प्रसिद्ध डिग्री कॉफीचे डबरा-टंबलर बाळाच्या हाताच्या टप्प्यापासून दूर सरकवावे. गरम पेय तयार झाल्यानंतर पंधरा मिनिटांनीही बाळाची नाजूक त्वचा भाजू शकते. खुर्चीत बसलेल्या बाळाचा हात आपल्याला वाटतो त्यापेक्षा दूर पोहोचतो.

उत्तम खुर्चीही घास अडकणे पूर्णपणे थांबवू शकत नाही. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, सुंडलमधील न कुस्करलेले हरभरे, ओल्या खोबऱ्याचे तुकडे, अख्खी द्राक्षे, मुरुक्कू किंवा चकलीचे तुकडे लहान मुलांच्या ट्रेवर नकोत. मऊ भात-वरण, रसात कुस्करलेली इडली, नाचणीची खीर, पिकलेले केळे हे आरंभाचे अन्न. मध मात्र वर्षाच्या आत कोणत्याही निमित्ताने देऊ नये, उष्टावणीच्या बोटभर मधासह. बाळ खुर्चीत असताना मोठे माणूस हाताच्या अंतरावर असावे आणि त्याच्या हाती मोबाइल नसावा. श्वास अडकलेले बाळ अनेकदा आवाज करत नाही.

एक वर्षाच्या आतील बाळाचा घास अडकला, ते खोकू किंवा रडू शकत नसेल, तर त्याला आपल्या हातावर पालथे, डोके छातीपेक्षा खाली राहील असे धरून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा द्याव्यात. घास न निघाल्यास उताणे करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच वेळा दाबावे, आणि हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. दिसत नसलेला घास बोट घालून काढू नये. तो आणखी आत जातो. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक महाराष्ट्र आणि तमिळनाडू या दोन्ही राज्यांत चालतो. पट्ट्याचा खटका एका हाताने, न पाहता उघडता येतो काय, हे खुर्ची घरी आणल्या दिवशीच चार-पाच वेळा करून पाहावे, कारण वरील उपाय करण्याआधी बाळाला खुर्चीतून बाहेर काढावे लागते.