जुन्या मोटारीचा टायमिंग बेल्ट आणि ऑइल सील

मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या एखाद्या सोसायटीच्या आवारात आजही जुनी मारुती 800 उभी दिसते. मालक अभिमानाने सांगतात, 'गाडी फारशी फिरलेलीच नाही.' या समाधानातच एक धोका लपलेला आहे. तो कोणता, हे आज पाहावयाचे आहे.

हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत घेणे, ते दाबणे, ते पेटणे आणि धूर बाहेर टाकणे, या चार क्रियांना क्रँकचे दोन फेरे लागतात. तेवढ्या अवधीत प्रत्येक झडप एकदाच उघडावयाची असते. म्हणून झडपा उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या बरोबर निम्म्या वेगाने फिरला पाहिजे. क्रँक मिनिटास 3000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप सेकंदास 25 वेळा उघडते. हा मेळ टायमिंग बेल्ट राखतो.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात होणाऱ्या पद्मिनीत हे काम साखळी करीत असे. साखळी तेलात न्हालेली असते आणि झिजली की खडखडून तसे सांगते. रबराचा दातेरी पट्टा 1960 नंतर युरोपातील मोटारींत आला. 1983 च्या डिसेंबरात आपल्याकडे रस्त्यावर आलेल्या मारुती 800 मध्ये तोच होता. तो हलका आहे, आवाज करीत नाही. परंतु तुटण्यापूर्वी बहुधा सूचनाही देत नाही. तुटला की इंजिन तत्क्षणी बंद पडते. काही इंजिनांत तर वर येणारा दट्ट्या उघड्या झडपांवर आदळतो, झडपा वाकतात आणि हेड उतरविण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

आता किलोमीटरचा हिशेब पाहा. गाडी उभी असली तरी रबर म्हातारे होतच असते. उष्णतेने ते कडक होते, त्याला चिरा पडतात. शिवाय घाटकोपरच्या वाहतुकीत अर्धा तास अडकलेल्या गाडीचा आकडा हलत नाही, पण मिनिटास 800 फेऱ्यांच्या हिशेबाने क्रँक 24,000 वेळा फिरलेला असतो. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत दिलेले किलोमीटर किंवा वर्षे, यांपैकी जे आधी भरेल ते प्रमाण मानावे. जुनी गाडी विकत घेतली आणि पट्टा केव्हा बदलला याची नोंद नसेल, तर तो बदललेला नाही असेच समजावे.

पट्ट्याचा दुसरा शत्रू तेल. क्रँक आणि कॅमशाफ्ट इंजिनातून बाहेर येतात तेथे तेल अडविण्यासाठी रबरी कडेचे ऑइल सील बसविलेले असते. ते कडक झाले की तेल झिरपून पट्ट्यावर येते, रबर फुगते आणि दाते सुटतात. गळके सील तसेच ठेवून नवा पट्टा घालणे म्हणजे गळक्या छपराखाली रंगकाम करणे होय!

काम असे चालते. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी. पंख्याचा पट्टा, क्रँकची पुली व कव्हर काढावे. क्रँक फिरवून क्रँकवरील व कॅमवरील खुणा आपापल्या जागी आणाव्यात. मगच टेन्शनर ढिला करून पट्टा उतरवावा. त्यानंतर दोहोंपैकी काहीही हलू देऊ नये. जुने सील उचकटताना शाफ्टवर ओरखडा उठता कामा नये. उठल्यास नवे सीलही गळेल. नव्या सीलच्या कडेस तेल लावून, स्प्रिंगची बाजू आत ठेवून, योग्य मापाच्या नळीने ते सारखे ठोकावे. टेन्शनरही नवा घालणे हिताचे. पट्टा चढवून ताण दिल्यावर इंजिन त्याच्या चालण्याच्या दिशेने पान्याने पूर्ण दोन फेरे फिरवावे. खुणा पुन्हा जुळल्या तरच चावी लावावी. फिरविताना काही अडले तर जोर करू नये. खुणा पुन्हा तपासाव्यात.

पट्टा आणि सील यांची किंमत थोडी असते. खरा खर्च खोलण्या-जोडण्याच्या मजुरीचा. तेव्हा मिस्त्रींना एकच प्रश्न विचारावा : 'उघडलेच आहे, तर सीलही बदलणार ना?' आणि काम झाल्यावर तारीख व किलोमीटर एका चिठ्ठीवर लिहून ती बॉनेटच्या आत चिकटवावी. पुढच्या मालकास तिचा उपयोग होईल. आणि दहा वर्षांनी गाडी आपल्याच दारात असेल, तर आपणासही.